सव्वीस मिनिटं

देवळाली कॅम्प
८ जून २०२५

पूजा,

तू मला चार ठिकाणी ब्लॉक केलं आहेस. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, म्हणून हे पत्र. शाळा सुटल्यापासून मी कुणाला पत्र लिहिलेलं नाही. अक्षर वाचता आलं नाही तर तुझ्या डॉक्टरांना दाखव, त्यांना सवय असेल.

अप्पा कसे आहेत? तीन महिने होत आले. उजवा हात हलतो का? जेवताना ठसका लागतो का अजून? एखादा तरी शब्द फुटला का? तू नर्स आहेस, तुझ्याकडे ते माझ्यापेक्षा चांगले राहतील, हे मला कळतं. पण तू त्यांना संभाजीनगरला नेलंस त्या दिवशी मी गाडीशी उभी होते. अप्पांनी मला बघून डावा हात उचलला आणि तू काच वर केलीस. ते मला अजून दिसतं.

तुझा राग कशाचा आहे ते मला माहीत आहे. अप्पांना अर्धांगवायूचा झटका आला हे तुला माझ्या तोंडून कळलं नाही, इन्स्टाग्रामवरून कळलं. सलाईन लावलेल्या हाताचा फोटो आणि खाली ‘माझ्या बाबांसाठी प्रार्थना करा’. तुझ्या सोबतच्या नर्सने तो तुला वॉर्डात दाखवला. तू मला फोनवर एवढंच म्हणालीस, “आपण त्यांना जन्मात कधी बाबा म्हटलंय का ताई?” खरंय. लोकांना बाबा आवडतात, म्हणून मी बाबा लिहिलं. दवाखान्याच्या बाकावर बसून फोटोला किती लाल बदाम आले ते मोजत होते, तुला फोन लावायच्या आधी. त्याची माफी मागते. कागदावर मागते, म्हणजे ती पुसता येणार नाही.

पण झटका आला तेव्हा मी दुकानात इस्त्री करत होते. तेव्हाही सांगितलं, आजही तेच सांगते. कळल्याबरोबर धावले.

अप्पांचं शिलाईचं दुकान चालू आहे. जवानांचे युनिफॉर्म येतात, बिल्ले, नेमप्लेटा येतात. मागच्या महिन्यात दोन जवानांच्या नेमप्लेटा मी एकमेकांच्या शर्टांवर लावल्या. हवालदार सोमनाथ दोन्ही शर्ट घेऊन आले, गल्ल्यावर ठेवले आणि म्हणाले, “पुंजा मास्तरांच्या दुकानातून असं कधी गेलं नव्हतं ताई.” ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

आणि परवा कुसाबाई ब्लाउज शिवून घ्यायला आल्या. तुला आठवत असतील. देवळाली गावच्या, दवाखान्यात आया होत्या, आता बुद्धविहारात पांढरी साडी नेसून असतात. मी माप घेत होते. संपल्यावर त्या म्हणाल्या, “पोरी, एका ब्लाउजाच्या मापाला तू अकरा बार फोन उचलला. छाती दोनदा मोजली अन् बाही मोजलीच नाय.” मला राग आला. मग मी बाही मोजली.

त्याच दिवशी मी फोनमधून सगळं काढून टाकलं. ‘कॅम्पची टेलरताई’ या माझ्या खात्यामागे एकेचाळीस हजार माणसं होती. गेली. अप्पांना हे सांग.

हर्षाली


२९ जून २०२५

पूजा,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं.

मागच्या पत्रात एक खोटं लिहिलं होतं. ॲप काढलं होतं हे खरं, पण तुला लिहिलेलं पत्र पेटीत टाकून दुकानात येईपर्यंत मी ते परत घेतलंही होतं. पोस्टाची पेटी ते दुकान अंतर किती, तुला माहीत आहे. तीनशे पावलं असतील. तेवढीही निघाली नाहीत.

मालेगावचं सासर सोडून मी सहा वर्षांपूर्वी परत आले, तेव्हा हे सुरू झालं. संध्याकाळी दुकान बंद केल्यावर करायचं काय, हा प्रश्न होता. अप्पा जेवून बातम्या लावायचे. मी ब्लाउजच्या गळ्यांचे व्हिडिओ टाकायला लागले. कुणीतरी लिहायचं, ‘ताई, हात किती सुंदर चालतो तुमचा.’ नवऱ्याने दहा वर्षांत जे म्हटलं नाही ते परकी माणसं म्हणत होती. मग सकाळी दात घासायच्या आधी ते बघायचं, शिवताना बघायचं, अप्पा समोर बसून काही सांगत असताना बघायचं. हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही. कुसाबाईंनी विचारलं, कधी लागलं, म्हणून आठवावं लागलं.

हो, मी कुसाबाईंकडे गेले. विहारात दुपारी त्या एकट्या झाडत होत्या. मी आधीच बजावलं की फोन फेकून दे म्हणणार असाल तर मला त्यावर ऑर्डरी येतात, ते जमायचं नाही. त्या म्हणाल्या, “फोनला काय करायचं. तो बिचारा पडून हाय. तुझा हात जातो ना त्याच्याकडं, तो जायच्या आधी काय होतं तेवढं बघ.”

मग त्यांनी स्वतःचं सांगितलं. बावीस वर्षं मिश्री लावत होत्या. नवऱ्याने शपथा घातल्या, मुलांनी डब्या नाल्यात फेकल्या, उपयोग शून्य. इगतपुरीला दहा दिवसांच्या शिबिराला गेल्या, तिथे पहिल्यांदा त्यांना दिसलं की तलफ येते तशी जातेही. आपणच तिला मधे डबी देऊन बसवून ठेवतो. भगवंतांचं याला एकच नाव आहे म्हणाल्या, अनिच्च. आलेलं राहत नाही.

त्यांनी मला शिकवलं ते एवढंच. डोळे मिटून बसायचं. श्वास नाकाच्या दाराशी आत जातो, बाहेर येतो, तो जाणायचा. लांब करायचा नाही, आखूड करायचा नाही. मन पळालं की कळेल तेव्हा परत यायचं. आणि दिवसा फोनची ओढ आली की तिला हाकलायचं नाही, तिचं ऐकायचंही नाही. अंगात कुठे आली ते बघत बसायचं.

पहिले आठ दिवस मी तीन श्वासांवर सलग लक्ष धरू शकले नाही. खरं सांगते, तीन. तिसऱ्याला मी मनातल्या मनात ‘मी ध्यान करतेय’ असा व्हिडिओ काढत असायची.

आणि मग गेल्या मंगळवारी ते झालं. मी काजं करत होते. फोन मशीनच्या फळीवर होता, त्याने आवाज दिला. मी हात जागीच ठेवला आणि बघायला लागले. मला वाटत होतं ओढ हातात असते. नसते. आधी बरगड्यांच्या खाली काहीतरी आवळलं. मग घसा कोरडा झाला. मग उजवा अंगठा आपोआप हलला, कोण काय म्हणालं असेल, कोण काय म्हणालं असेल. ते इतकं वाढलं की मी आता उठणार असं वाटलं. तोफखान्याचा सराव चालू होता, दुकानाची काच थरथरत होती, मी श्वासावर लक्ष धरून बसले होते. आणि पूजा, ते उतरलं. मी काही केलं नाही, ते आपलं आपण उतरलं. घड्याळ पाहिलं. चार मिनिटं झाली होती.

सहा वर्षं जिच्या मागे धावले तिचं आयुष्य चार मिनिटं! मी दुकानात एकटी मोठ्याने हसले. पँट न्यायला आलेला एक जवान दारातच थांबला.

त्या दिवशी नंतर वीस वेळा तरी हरले असेन. पण एकदा जिंकले. अप्पांना सांग, नको सांगू, तुझ्यावर आहे.

हर्षाली


२० जुलै २०२५

पूजा,

आज लिहायचं ते लिहायला महिना घेतला. रोज सकाळी एक तास बसते आता. आधी वाटायचं बसलं की डोकं शांत होईल. झालं उलट. फोनच्या गडबडीत जे ऐकू येत नव्हतं ते ऐकू यायला लागलं.

अकरा मार्चला, होळीच्या दोन दिवस आधी, मी इस्त्री करत नव्हते. इस्त्री गरमही केलेली नव्हती.

दुपारचे सव्वातीन झाले होते. अप्पा जेवून मागच्या खोलीत पडले होते. मी कापायच्या टेबलाशी स्टुलावर बसले होते. आदल्या दिवशी टाकलेल्या एका व्हिडिओवर कुणीतरी लिहिलं होतं की हा गळा मी दुसऱ्या बाईचा चोरला. मी तिला उत्तर देत होते. ती परत लिहीत होती, मी परत देत होते. मागून ठोकल्याचा आवाज आला. मोजायची लाकडी पट्टी अप्पा उशाशी ठेवतात, ती त्यांनी दुकान आणि खोलीच्या मधल्या फळकुटावर मारली होती. चहा हवा असेल असं मला वाटलं. मी म्हणाले, “आले हां अप्पा.” गेले नाही. परत ठोकलं. मी परत म्हणाले, “आले.” तिसऱ्यांदा आवाज आला तो हलका होता. मग थांबला. मला बरं वाटलं, पूजा. वाटलं, झोपले.

मी आत गेले तेव्हा ते पलंगाच्या कडेवरून निम्मे खाली होते, तोंड एका बाजूला गेलेलं, पट्टी डाव्या हातात घट्ट धरलेली. ते जागे होते. माझ्याकडे बघत होते.

मी त्या बाईला लिहिलेली उत्तरं अजून फोनमध्ये आहेत, वेळेसकट. पहिला ठोका ऐकला तेव्हा मी कोणतं वाक्य लिहीत होते ते मला माहीत आहे. त्या वाक्यापासून रिक्षावाल्याला केलेल्या फोनपर्यंतची वेळही माहीत आहे. सव्वीस मिनिटं.

दवाखान्यात तू मला एकच विचारलं होतंस, तू कुठे होतीस. मी इस्त्री म्हणाले, कारण इस्त्री करणाऱ्या बाईला कुणी काही म्हणत नाही.

हे बसल्यावर रोज वर येतं. छातीत येतं, दगड ठेवल्यासारखं. पहिल्यांदा आलं तेव्हा मी उठून फोन घेतला आणि तासभर लोकांच्या लग्नांचे व्हिडिओ पाहिले. मग कळलं, मार्चपासून मी इतकी का वाहत गेले ते. मी फोनमागे लपत होते. कुसाबाईंना सांगितलं, सगळं सांगितलं. मला वाटलं त्या म्हणतील, होतं असं, वाईट वाटून घेऊ नको. त्या तसं म्हणाल्या नाहीत. मग म्हणाल्या, “पळू नको अन् स्वतःला मारूबी नको. दोन्ही पळणंच हाय. जिला सांगायचं तिला सांग.”

ते तुला सांगितलं. आता तू काय करायचं ते कर.

हर्षाली


२४ ऑगस्ट २०२५

पूजा,

मागचं पत्र टाकल्यावर मी रोज दुपारी पोस्टमनची वाट पाहिली. आठव्या दिवशी धीर सुटला. रविवार होता, सकाळी नऊला फोन हातात घेतला आणि दिवे लागले तेव्हा खाली ठेवला. जेवले नव्हते. मान वळत नव्हती. मला वाटलं, संपलं, सगळं पहिल्यापासून.

कुसाबाईंना हे सांगताना मी रडत होते. त्यांनी विचारलं, घसरलीस ते कळलं कधी? मी म्हणाले, दुपारी कळलं होतं, पण थांबता आलं नाही. त्यांना आनंद झाला. “पहिलं तुला सहा वर्षं कळलं नव्हतं. आता दुपारीच कळलं. लय पुढं आली की.” मग म्हणाल्या, शिबिराला जा.

गेले. दुकानाला ‘सतरा ऑगस्टपर्यंत बंद’ असा कागद लावला आणि इगतपुरीला बारा दिवस राहून आले. पहिल्याच दिवशी फोन जमा केला. बोलायचं नाही, लिहायचं नाही, वाचायचं नाही, कुणाच्या डोळ्यांत बघायचंही नाही. पहाटे चारला घंटा. बाहेर पाऊस आणि धुकं, समोरचा डोंगर दोन-दोन दिवस दिसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी माझा अंगठा उशीवर आपोआप वर सरकत होता. चौथ्या दिवशी मी पळून जायला बॅग भरली. माझ्या खोलीतली एक म्हातारी बाई न बोलता माझ्याकडे बघत राहिली, नियम मोडूनच. मी बॅग परत उघडली. सहाव्या दिवशी दुपारी ते तीन ठोके आले. तेव्हा फोन नव्हता, दुकान नव्हतं, बोलायला माणूस नव्हतं. मी बसून राहिले. छातीतला दगड पूर्ण पाहिला. त्याला कडा होत्या, आत ऊब होती, तो सारखा नव्हता, हलत होता. तासाच्या शेवटी घंटा झाली तेव्हा मी पहिल्यांदा अप्पांसाठी रडले. तोवर स्वतःसाठीच रडत होते.

फोन परत मिळाला तो मी बंदच ठेवला. पॅसेंजरमध्ये खिडकीशी बसले, अस्वली, लहवीत, देवळाली. घरी येऊन चहा केला, प्यायले, मग उघडला. एक हजार नऊशे सूचना होत्या. एकही वाचली नाही. ‘कॅम्पची टेलरताई’ कायमची काढायला दिली. ते लोक दोनदा विचारतात, नक्की का. वर तीस दिवस देतात. तेवढ्यात एकदा उघडलं तरी खातं परत जिवंत होतं. मुदत सोळा सप्टेंबरला संपते. या वेळी खोटं लिहिलेलं नाही.

हर्षाली


संभाजीनगर
३ सप्टेंबर

ताई,

पत्रं मिळाली, चारही. पहिली दोन न उघडता ठेवली होती. तिसरं का उघडलं माहीत नाही. मग सगळी वाचली.

सव्वीस मिनिटांचं म्हणशील तर तू त्यांना दोन तासांच्या आत दवाखान्यात पोचवलं होतंस, गाठ विरघळायचं इंजेक्शन वेळेत मिळालं. ती मिनिटं वाचली असती तर अप्पा आज बोलत असते का, हे मी सांगू शकत नाही, कुठलाच डॉक्टर सांगणार नाही. काही फरक पडला नाही असं तुला बरं वाटावं म्हणून मी लिहिणार नाही. माफ केलं असंही लिहीत नाही. खरं सांगितलंस एवढं लक्षात ठेवलं आहे.

अप्पांची आता गंमत सांगते. त्यांना सगळं समजतं, शब्द बाहेर येत नाही. बोलणं शिकवणाऱ्या बाई म्हणतात, रोज तासभर कुणीतरी समोर बसा, शब्द त्यांच्या तोंडात घालू नका, फक्त थांबा. मला जमत नाही. ड्यूटीवरून आलेली असते, दोन मिनिटांत मीच शब्द पुरवते आणि ते भिंतीकडे तोंड करतात. सहा महिन्यांत एक शब्द नाही.

तुला बसता येतं म्हणतेस. ये आणि बसून दाखव. बारा तारखेपासून आठ दिवस. फोन दाराजवळच्या कपाटात ठेवायचा, किल्ली माझ्याकडे.

पूजा


देवळाली कॅम्प
२८ सप्टेंबर २०२५

पूजा,

तू ड्यूटीवर असायचीस म्हणून तुला निम्मंच माहीत आहे. बाकीचं लिहिते.

पहिल्या दिवशी तू गेल्यावर मी अप्पांसमोर खुर्ची घेतली. व्यायामाचं काही काढलं नाही. त्यांना म्हणाले, “अप्पा, तुम्ही तीनदा ठोकलंत. मला ऐकू आलं होतं. मी फोन बघत बसले होते.” ते माझ्याकडे बघत राहिले. डाव्या डोळ्यातून पाणी आलं. मग त्यांनी तोंड भिंतीकडे केलं आणि तासभर तसेच राहिले. मीही तशीच राहिले. उठून जावंसं फार वाटलं. बरगड्यांच्या खाली तेच आवळणं, तोच कोरडा घसा, फोन नसतानाही. मी ते बघत बसले.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी खोलीत गेले तर खुर्ची आधीच पलंगाजवळ आलेली होती. डाव्या पायाने त्यांनी ती ओढून घेतली होती. मी तिच्यावर बसले.

मंगळवारी, पाचव्या दिवशी, मी तो राखाडी कुडता घातला होता, बटणाच्या बाहीचा. अप्पा माझ्या मनगटाकडे बघायला लागले. मग ओठ हलले. ‘क’ आला. नुसता क. मला कळलं होतं त्यांना काय म्हणायचं ते, मीही शिंपीणच आहे. शब्द माझ्या जिभेवर येऊन बसला होता. तो त्यांना द्यावा ही ओढ इतकी मोठी होती की फोनची ओढ तिच्यापुढे काहीच नव्हती. मी श्वासावर राहिले. आत, बाहेर. त्यांच्या कपाळावर घाम आला. क, क, का. मग थांबले, डोळे मिटले, मला वाटलं सोडून दिलं. मी हललेही नाही. भिंतीवरच्या तुझ्या घड्याळात अकरा मिनिटं गेली.

“काज,” अप्पा म्हणाले.

स्वच्छ म्हणाले, पूजा. माझ्या बाहीचं काज उसवलं होतं. सहा महिने गप्प असलेला माणूस बोलला तो शिलाईतली चूक काढायला. मी सुईदोरा आणला आणि त्यांच्यासमोर ते काज नीट केलं, त्यांनी प्रत्येक टाका बघितला. संपल्यावर मान डोलावली.

तू संध्याकाळी आलीस तेव्हा मी तुला काही सांगितलं नाही, तुझ्या युनिफॉर्मच्या खांद्याकडे बोट केलं आणि गप्प बसले. अप्पांना चार-पाच मिनिटं लागली. “बटण” म्हणाले. तू पर्स हातात घेऊन उभी होतीस ती तशीच जमिनीवर बसलीस. जेवताना मला न विचारता दुसरी पोळी वाढलीस. आईच्या माघारी तू मला कधी वाढलं नव्हतंस.

निघताना तू कपाटाची किल्ली दिलीस तेव्हा मला फोनची आठवण झाली. गाडीत बसल्यावर आणखी एक आठवलं. तो मंगळवार सोळा सप्टेंबर होता. तीस दिवसांची मुदत त्या दिवशी संपली, एकेचाळीस हजार माणसं त्या दिवशी कायमची गेली, आणि मला पत्ताच नव्हता. मी काज शिवत होते.

हर्षाली


१४ डिसेंबर २०२५

पूजा,

आता तू फोन उचलतेस, तरी पत्र लिहिते. कारण खाली कळेल.

दिवाळीनंतर तू अप्पांना इथे सोडून गेलीस, नाशिकरोड स्टेशनवर गोळ्यांचा कागद माझ्या हातात दिलास आणि म्हणालीस, “आता तुझ्याकडे.” त्या दोन शब्दांना मी पुरी पडावं म्हणून गेला दीड महिना हे सगळं चाललं आहे. म्हणून हिशेब देते, रागावू नको.

दिवाळीनंतर जवानांच्या एका तुकडीची मोठी ऑर्डर आली, एकशे चाळीस नेमप्लेटा, चार दिवसांत. हवालदार सोमनाथ यादी घेऊन आले. द्यावी का नको, असा विचार करत होते, चेहऱ्यावर दिसत होता. अप्पा खुर्चीत बसले होते. मी एकेक नाव लावलं, एकेक शर्ट अप्पांच्या मांडीवर ठेवला, ते यादीतल्या नावावर डावं बोट ठेवत होते. फोन गल्ल्यात होता. दर दोन तासांनी काढायचे, ऑर्डरींना उत्तर द्यायचे, परत ठेवायचे. एकशे चाळीसांत एकही चूक निघाली नाही. सोमनाथ दुसऱ्या दिवशी नुसते सांगायला आले. अप्पांना सॅल्यूट केला. अप्पांनी डाव्या हाताने परत केला आणि मग दोघंही हसले.

ओढ अजून येते. नाही म्हणणार नाही. परवा शेजारच्या दुकानातल्या मुली कुणाचा तरी व्हिडिओ बघून खिदळत होत्या आणि माझा अंगठा हलला. मी अंगठ्याकडे बघितलं, तो थांबला, मी बाही जोडायला लागले. कुसाबाई म्हणतात, ती येणार, तिचं काम यायचं हाय, तुझं काम ओळखायचं. गुरुवारी दुपारी त्या येतात आणि आम्ही तिघं मागच्या खोलीत बसतो. अप्पांना श्वासाचं वेगळं शिकवावं लागलं नाही. एका शब्दासाठी दहा मिनिटं थांबणारा माणूस तो.

आणि आता मोठी बातमी. अप्पांनी कात्री मागितली. आपली मोठी कात्री उजव्या हाताची, डाव्यात बसेना, कापड चावायला लागली. मी नाशिकमध्ये दोन दिवस फिरून डावखुऱ्यांची कात्री शोधून आणली. पहिल्या आठवड्यात वर्तमानपत्रं कापली, वाकडी. दुसऱ्या आठवड्यात जुनी चादर. काल त्यांनी अस्तराच्या कापडावर खडूने स्वतः रेघ मारली आणि त्या रेघेवरून कापत गेले, या टोकापासून त्या टोकापर्यंत, न थांबता. मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला कापड धरून उभी होते. रेघेच्या बाहेर एक दोरा गेला नाही. अप्पांनी कात्री खाली ठेवली आणि मला म्हणाले, “पूजा.”

त्यांना तुला काहीतरी सांगायचं आहे हे कळलं. फोन लावून देऊ का विचारलं, तर जोरात नाही अशी मान हलवली. फोनवर तू त्यांच्या आधी बोलतेस. म्हणून कागद घेतला. आज सकाळी साडेनऊला बसलो. सव्वादहा झाले आहेत. त्यांनी सांगितलं तेवढंच खाली लिहिते, मी माझा एकही शब्द घातलेला नाही.

पूजा. माप पाठव. मी कापतो.